पंखाखालचे काळे पट्टे

मॉडेल विमाने उडवणाऱ्यांच्या मैदानावर प्रथमच आलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास खटकते. विमानाची वरची बाजू हौसेने रंगवलेली असते. तांबड्या-पिवळ्या ज्वाळा, चकचकीत अक्षरे, एखाद्या खऱ्या विमानाची हुबेहूब नक्कल. तेच विमान उलटे करून पाहिले, तर पंखाच्या खालच्या बाजूला रुंद, काळे, ओबडधोबड पट्टे दिसतात. घर रंगवताना उरलेला रंग कुणी फासून टाकावा, तसे. "वर एवढी कलाकुसर आणि खाली हे काय?" असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. खरे तर वरची नक्षी मालकासाठी असते आणि खालचे पट्टे विमानासाठी. या पट्ट्यांचा माग काढत मी जुनी वर्णने आणि युद्धेतिहास वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की खेळण्यातल्या वाटणाऱ्या या विमानांनी हा धडा खऱ्या विमानांकडून घेतला आहे, आणि त्या धड्याची किंमत माणसांनी जिवाने चुकवली आहे.

या गोष्टीची सुरुवात १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये होते. पहिले महायुद्ध पेटून काही महिनेच झाले होते. विमान कुणाचेही असो, खंदकातला सैनिक त्यावर बंदूक रोखी, कारण आपले कोणते आणि परके कोणते हे त्याला कळत नसे. ब्रिटिशांनी यावर सरळ उपाय केला. त्यांनी पंखांच्या खाली आपला युनियन जॅक रंगवला. जमिनीवर, पाच हातांवरून तो स्पष्ट दिसे. वर गेल्यावर त्या झेंड्यातल्या पातळ तिरक्या रेघा नाहीशा होत, निळा रंग विरून जाई आणि उरे तो मधला जाड क्रॉस. जर्मन विमानांवरही क्रॉसच असे! म्हणजे आपली ओळख पटवण्यासाठी लावलेले चिन्हच दुरून शत्रूचे वाटू लागले. वर्ष संपण्यापूर्वी ब्रिटिशांनी झेंडा सोडून फ्रेंचांच्या धर्तीवर वर्तुळे स्वीकारली. फ्रेंच चिन्हात निळा रंग मध्यभागी आणि तांबडा बाहेर होता. ब्रिटिशांनी क्रम उलटवून तांबडा मध्यभागी घेतला. हा मधला तांबडा ठिपका लक्षात ठेवावा, कारण तीस वर्षांनी ब्रह्मदेशाच्या आकाशात तो पुन्हा भेटणार आहे.

झेंड्याचे असे का झाले, हे समजायला थोडे गणित करावे लागेल. आपल्या पंचांगातही अंश, कला, विकला ही मापे असतात. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. चांगली नजर असलेल्या माणसाला शेजारशेजारच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात साधारण एका कलेचे अंतर लागते. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे एकतीस कलांचे असते. आता दीड मीटर पंखांचे मॉडेल विमान पाचशे मीटर दूर नेले, तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत अवघे दहा कलांचे, म्हणजे चंद्राच्या एक तृतीयांश रुंदीचे उरते. त्याच्या पंखावर पाच सेंटिमीटरचे सुबक पट्टे काढले असतील, तर प्रत्येक पट्टा पावणेदोनशे मीटरच्या आसपास एका कलेखाली जातो. त्यापुढे काळा आणि पांढरा हे दोन रंग डोळ्यात एकमेकांत मिसळतात आणि सगळा पंख राखाडी होतो. राखाडी म्हणजे ढगाचाच रंग! ज्या नक्षीने विमान उठून दिसावे, तिनेच ते आभाळात मिसळून जाते. पंचवीस सेंटिमीटरचा पट्टा मात्र हिशेबाने साडेआठशे मीटरपर्यंत तग धरतो. हे मी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर पट्टे रंगवून, ते कुंपणाला टांगून, मागे मागे चालत जाऊनही पाहिले आहे. बारीक पट्ट्यांचा पुठ्ठा अडीचशे पावलांवर पुरता राखाडी झाला होता. ज्यांना या आकडेमोडीवर विश्वास ठेवणे जड जाते, त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. त्याला फक्त एक मोकळी वाट लागते.

रंगांची गोष्ट आणखी वेगळी. डोळ्याच्या पडद्यावर जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, त्या मध्यबिंदूत निळा रंग टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. त्यामुळे वस्तू फार लहान दिसू लागली की निळे-पिवळे भेद आधी मावळतात. पिवळा पांढऱ्यात जातो आणि गडद निळा काळ्यात. शेवटी टिकतो तो फक्त उजेड आणि अंधार यांतला फरक. येवल्यात संक्रांतीला गच्चीवर उभे राहून पाहिले, तर वर चढलेले सगळे पतंग काही वेळाने एकाच जातीचे होतात. हातात असताना ज्याची गुलाबी-हिरवी ऐट असते, तो वर गेल्यावर एक काळसर ठिपका असतो. घारीचेही तसेच. अंगाने ती तपकिरी, पण भर दुपारी आभाळात काळी. बगळ्याचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. आषाढातल्या काळ्या ढगावर तो चुन्यासारखा पांढरा दिसतो, आणि तोच बगळा उजळ पांढऱ्या आभाळावर पाहिला तर पोटाकडून मळकट वाटतो. बगळा बदललेला नसतो. त्याच्या पोटावर सावली असते आणि मागचे आभाळ त्या सावलीहून उजळ असते, इतकेच.

पोटावरच्या सावलीचे हे गूढ उकलण्याचा ध्यास ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने घेतला होता. बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट का, या प्रश्नाला त्याने चित्रकाराच्या नजरेने उत्तर दिले. वरून उजेड पडतो, खाली सावली येते. पाठ गडद आणि पोट पांढरे असले की दोन्ही एकमेकांना कापतात आणि प्राणी सपाट, नाहीसा झाल्यासारखा दिसतो. काळवीट आठवावे. थेयर या कल्पनेच्या इतका आहारी गेला की निसर्गातला प्रत्येक रंग लपण्यासाठीच आहे, असे तो सांगू लागला, आणि त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल झाली. पण मूळ मुद्दा पक्का होता. लपायचे असेल तर पोट पांढरे हवे. मग दिसायचे असेल, तर पोट काळे हवे.

हे उलटे सूत्र ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर वापरले, तेही मोठ्या धिटाईने. १९३८ पासून पुढे त्यांच्या लढाऊ विमानांच्या पंखांची खालची बाजू डावीकडे काळी आणि उजवीकडे पांढरी रंगवू लागले. जमिनीवरून आकाशाची टेहळणी करणाऱ्यांना आपले विमान चटकन ओळखू यावे, हा हेतू. १९४० च्या उन्हाळ्यात, लढाई ऐन भरात येत असताना, हे रंग पुसून लपण्याचा रंग दिला गेला, आणि त्याच वर्षअखेरीला काळा डावा पंख काही महिन्यांसाठी परत आला. लपावे की दिसावे, या पेचातली ही ओढाताण आहे. मॉडेलवाल्यांच्या दृष्टीने या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या पोटात एक फार मोलाची गोष्ट होती. त्यावरून विमान आहे एवढेच नव्हे, तर त्याचा डावा पंख कोणता हेही कळत होते.

काळ्या पोटाचा दुसरा पुरावा एका गुप्त प्रयोगातून आला. पाणबुड्या शोधणारी विमाने दुरूनच दिसत आणि ती पोचेपर्यंत पाणबुडी बुडी मारून पसार होई. ब्रिटिशांनी या कामावरची विमाने खालून पांढरी रंगवली, आणि त्याचा उपयोगही झाला. पण पांढरा रंग सावलीतच राहणार. उजळ आभाळापुढे तो काळपटच दिसणार. म्हणून १९४३ मध्ये अमेरिकी आरमाराने एका विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला आणि नाकाडावर दिवे बसवले. त्यांचा उजेड मागच्या आभाळाइतका कमीजास्त करता येई. दिवसाढवळ्या दिवे लावून लपायचे, अशी ही उफराटी युक्ती! पण बारा मैलांवरून दिसणारे विमान दोन मैलांवर येईपर्यंत दिसेनासे झाले. या प्रयोगाचे नाव येहुदी. तोवर रडार आले आणि येहुदी कपाटात गेला. मात्र त्याने एक गोष्ट वादातीत केली: आभाळापुढच्या विमानाची गाठ रंगाशी नसून उजेडाशी असते.

हे सारे झाले लपण्याचे शास्त्र. न दिसण्याची, किंवा दिसूनही ओळखू न येण्याची किंमत काय असते, ते सिसिलीत कळले.

११ जुलै १९४३ ची रात्र. आदल्याच दिवशी दोस्त सैन्य सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरले होते आणि त्याला कुमक म्हणून छत्रीधारी सैनिक घेऊन १४४ वाहतूक विमाने निघाली होती. खाली किनाऱ्याजवळ त्यांचेच आरमार उभे होते. त्या जहाजांवर थोड्याच वेळापूर्वी जर्मन बॉम्बफेक होऊन गेली होती. तोफची थकलेले, चिडलेले आणि घाबरलेले होते. पहिल्या तुकड्या सुखरूप गेल्या. मग कुठून तरी एक तोफ सुरू झाली आणि तिच्यामागून सगळ्या. विमाने संथ, खालून जाणारी, माणसांनी भरलेली. त्या रात्री २३ विमाने पडली आणि ३७ मोडकी होऊन परतली. छत्रीने उतरणाऱ्या माणसांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. शत्रूचे एकही विमान तेव्हा आकाशात नव्हते.

अंधार, घाई आणि न पोचलेले निरोप, अशी या घटनेची अनेक कारणे सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. नुसत्या रंगाने ती विमाने वाचली असती, असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी नॉर्मंडीवर उतरण्याची तयारी सुरू झाली तेव्हा ही रात्र नियोजकांच्या डोळ्यांसमोर होती. एका दिवशी हजारो विमाने एका चिंचोळ्या समुद्रावरून जाणार आणि खाली हजारो जहाजे. एवढ्या गर्दीत ओळख पटवणारी यंत्रे एकमेकांच्या आवाजात बुडून जाणार. तेव्हा शेवटी भरवसा डोळ्यांवरच. १८ एप्रिल १९४४ रोजी एक सूचनापत्र निघाले. प्रत्येक पंखाभोवती आणि शेपटीकडच्या धडाभोवती पाच पट्टे: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंच. चार इंजिनांच्या अवजड बॉम्बफेकी विमानांना यातून वगळले होते, कारण तशी विमाने शत्रूकडे नावापुरतीच होती.

ही मापे पाहून मी आपल्या कलेच्या हिशेबाला बसलो. १८ इंच म्हणजे ४६ सेंटिमीटर. तो पट्टा दीड किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरापर्यंत वेगळा दिसू शकतो आणि २४ इंची दोन किलोमीटरच्या थोडे पुढे. जहाजावरच्या २० मिलिमीटर तोफेचा परिणामकारक मारा याच्या आतच येतो. म्हणजे गोळी झाडावी की नाही हे ज्या अंतरावर ठरते, त्या अंतरावर हे पट्टे हटकून दिसत होते. हे गणित कुणी कागदावर मांडून मापे ठरवली की अनुभवाने, ते बाजूला ठेवू. जमले मात्र पक्के.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून पट्टे रंगवण्याचा हुकूम अगदी शेवटी, ३ आणि ४ जूनला सुटला. एका-दोन रात्रींत हजारो विमाने रंगवायची होती. यांत्रिक, स्वयंपाकी, कारकून, ज्याच्या हाती कुंचला आला तो कामाला लागला. कुंचले संपले तिथे झाडू आले. त्या दिवसांची छायाचित्रे पाहिली तर पट्ट्यांच्या कडा वाकड्या, ओघळ तसेच, कुठे खालचे आकडेही झाकलेले. विमानांच्या प्रतिकृती करणारे पुष्कळ जण हे पट्टे कडेला चिकटपट्टी लावून आरशासारखे सरळ रंगवतात. मला ते खोटे वाटते. त्या वाकड्या कडांमध्येच ती रात्र आहे. महिन्याभरात विमानांच्या वरच्या बाजूचे पट्टे पुसण्याचा हुकूम निघाला, कारण फ्रान्समधल्या धावपट्ट्यांवर उभी विमाने शत्रूला वरून दिसू लागली. खालचे पट्टे आणखी काही काळ राहिले. वर लपायचे आणि खाली दिसायचे, ही थेयरच्या काळविटाची अगदी उलट बाजू!

त्याच सुमारास पूर्वेकडे, इंफाळच्या आणि ब्रह्मदेशाच्या आकाशात, ते तांबडे ठिपके आडवे आले. जपानी विमानावर तांबडा गोल असे. ब्रिटिश चिन्हाच्या मध्यभागीही तांबडाच गोल. घाईत आणि दुरून बाहेरची वर्तुळे विरली की दोन्ही सारखेच. म्हणून या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलाच्या विमानांवरून तांबडा रंग काढून टाकण्यात आला आणि गडद निळ्यात फिकट निळा ठेवला गेला. इंफाळच्या लढाईत उतरलेल्या भारतीय हरिकेन विमानांवर हीच दोन निळ्यांची चिन्हे होती. अमेरिकनांनीही १९४२ च्या मे महिन्यात आपल्या ताऱ्यामधला तांबडा ठिपका याच कारणाने पुसला.

आता मॉडेल विमानांकडे यायला हरकत नाही. अल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे विमान उडवले. ते अकरा सेकंदांत सुमारे साठ मीटर गेले. अशा मोकळ्या उडणाऱ्या विमानांना रंगाची गरज एवढीच, की ती शेतात पडली तर सापडावीत. दोरीला बांधून गोल फिरवायची विमाने पुढे आली, त्यांच्यातही हा प्रश्न नव्हता. ती वीस मीटरच्या आत डोळ्यांसमोरच असतात. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतल्या अनेकांनी पहिले विमान असेच दोरीवर फिरवलेले असते. पेच आला तो रेडिओबरोबर. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ १९३७ च्या सुमारास आपले 'गफ' नावाचे विमान रेडिओने वळवू लागले. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिथून पुढे विमान नुसते दिसून भागेना. ते कसे आहे, हे दिसावे लागले.

यातली मेख अशी. दूर गेलेले विमान म्हणजे आभाळावरची एक तिरपी रेघ. ते आपल्याकडे कलले आहे की पलीकडे? आपल्याकडे कलले असेल तर त्याची पाठ दिसते, पलीकडे कलले असेल तर पोट. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असतील तर रेघ तीच, अर्थ मात्र दोन. उडवणारा चुकीचा अर्थ लावतो, काठी उलट्या बाजूला दाबतो आणि विमान अधिकच कलते. तो घाबरून आणखी दाबतो. सेकंदाला वीस मीटर वेगाने जाणारे विमान दोन सेकंदांत चाळीस मीटर भलतीकडे गेलेले असते. तीन किलो वजनाचे, फिरत्या पंख्याचे ते विमान रिकाम्या माळावर पडले तर फक्त बाल्साचा चुरा होतो. ते प्रेक्षकांच्या बाजूला वळले तर काय होईल, याची कल्पना मैदानावरच्या प्रत्येकाला असते. म्हणूनच अनुभवी मंडळी नव्या विमानाची पाहणी करताना आधी पोट पाहतात.

वर फिकट, खाली गडद. किंवा वर नक्षी आणि खाली आडव्या-उभ्या मोजून तीन-चार रुंद पट्ट्या. एका पंखाचे टोक पूर्ण काळे आणि दुसरे मोकळे ठेवले तर ब्रिटिशांची १९३८ ची युक्ती आपोआप हाती येते. पूर्वी हे काम टिश्यू कागद किंवा रेशीम आणि वर डोपचे हात, असे चाले. गडद रंगाचा प्रत्येक हात वजन वाढवी, म्हणून लोक कंजुषी करत. १९६० च्या दशकात इस्त्रीने चिकटणारी रंगीत प्लॅस्टिक फिल्म आली आणि पट्टा म्हणजे कात्रीचे काम झाले. त्याबरोबर एक मोहही आला: भडक, झळाळता नारिंगी. हा झळाळता रंग स्वित्झर नावाच्या दोन अमेरिकन भावांनी १९३० च्या दशकात खटपटी करून बनवला. अतिनील किरणे शोषून तो ती दिसणाऱ्या उजेडात परत देतो, म्हणून हिरव्या डोंगरापुढे किंवा सावलीच्या झाडीपुढे तो खरेच पेटल्यासारखा दिसतो. उघड्या आभाळापुढे, पोटावर सूर्य नसताना, त्याची ती किमया बरीच ओसरते. शिवाय आपल्या उन्हात तो लवकर विटतो.

खऱ्या विमानांचाही प्रवास असाच झाला. ब्रिटिश हवाई दलाची शिकाऊ विमाने युद्धात पिवळी होती, मग चंदेरी झाली, त्यांच्यावर झळाळते नारिंगी पट्टे आले, पुढे तांबडा-पांढरा आला. शेवटी १९९० च्या दशकात नीट चाचण्या घेतल्यावर ठरले, की आकाशात सर्वांत लवकर दिसतो तो चकचकीत काळा. त्यानंतर त्यांची शिकाऊ विमाने नखशिखांत काळी झाली. घार जे पहिल्यापासून सांगत होती, तेच.

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी मॉडेल विमानाची व्याख्या केली आहे. वजन पंचवीस किलोंपर्यंत, शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी वापर, आणि उडवायचे ते नजरेच्या टप्प्यात. म्हणजे आता कायद्यानेच डोळ्याला मध्ये घातले आहे. हा टप्पा किती, हे पंखाखालचा पट्टा बऱ्याच अंशी ठरवतो.

नजरेचा हा टप्पा ओलांडण्यात मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांनी आयुष्य घालवले. १९७० साली त्यांचे मॉडेल आठ हजार मीटरहून उंच गेले. त्या उंचीवर दोन मीटरचे विमान एका कलेहूनही लहान होते. तेव्हा शक्तिशाली दुर्बिणी होत्या म्हणून ते हाताळता आले. पुढे त्यांची स्वतःची नजर जवळजवळ गेली आणि कानही गेले. तरी ९ ऑगस्ट २००३ रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरवरून त्यांनी पाच किलोंहून हलके, बाल्सा आणि फायबरग्लासचे एक विमान अटलांटिकवर सोडले. पहिली काही मिनिटे रेडिओवर, मग विमान आपल्याआपण, उपग्रहांच्या दिशेने. समुद्रावर ते कुणालाच दिसत नव्हते. आयर्लंडच्या किनाऱ्यावर, क्लिफ्डन गावाजवळच्या मॅनिन इथे त्यांचे सहकारी डेव्ह ब्राउन हातात रेडिओ घेऊन आकाशाकडे पाहत उभे होते. १९१९ मध्ये अल्कॉक आणि दुसऱ्या एका ब्राउनने पहिल्यांदा विमानाने न थांबता अटलांटिक ओलांडला, तेही याच परिसरात चिखलात उतरले होते. ३८ तास ५२ मिनिटे झाली होती. ११ ऑगस्टच्या दुपारी आभाळात एक ठिपका आला, ब्राउननी त्याचा कल ओळखला, विमान हाती घेतले आणि गवतावर उतरवले. हिल तेव्हा समुद्राच्या दुसऱ्या काठावर होते.